रुळापर्यंतचा कायदा

हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास पुरी झाली. पुढे तिला हिंगोलीकडे फाटा फुटला आणि गोदावरीला मिळण्याआधी पूर्णा नदी ज्या गावाजवळून वाहते, ते पूर्णा गाव जंक्शन झालं. गाव निजामाचं, तालुका निजामाचा, कचेरीतला कागद उर्दूत. इंजिनं, गार्ड, फिटर, खलाशी आणि रेल्वे वसाहत आली, तसे वेगवेगळ्या मुलखांतले लोकही आले. त्यांच्यात ख्रिस्ती होते.

समजा, १९१० साली या वसाहतीत दोन ख्रिस्ती नोकर राहत आहेत. एक अँग्लो-इंडियन गार्ड, मद्रास इलाख्यातला, म्हणजे ब्रिटिश बादशहाचा प्रजाजन. दुसरा जालन्याकडचा खलाशी, मांग घरातला. त्याचा बाप मिशनमध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेला. हा निजामाची रयत. दोघांचं बायबल एक, दोघांचा रविवार एक. लग्न करायचं झालं तर दोघांचे कायदे मात्र वेगळे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात त्याची हद्द नीट लिहून ठेवली होती: सगळा ब्रिटिश हिंदुस्थान, आणि देशी संस्थानांमध्ये फक्त महाराणीची ख्रिस्ती प्रजा. म्हणजे गार्डाचं लग्न पूर्णेत लागलं तरी त्यावर कलकत्त्याच्या कायद्याचं छत्र. खलाशाचं लग्न पाद्र्याच्या वहीवर, मिशनच्या शिस्तीवर आणि उद्या वाद झालाच तर निजामाच्या न्यायाधीशाच्या समजुतीवर.

ख्रिस्ती माणसाला संरक्षण देणारे कायदे इंग्रजांनी केले, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. त्या ओळीत हा खलाशी कुठे बसतो? मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांचा इतिहास वाचताना हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागं जावं लागतं.

सुरुवातीला कंपनी सरकार ख्रिस्ती धर्माच्या बाजूचं नव्हतंच. व्यापार आणि महसूल निर्वेध चालावा, रयतेच्या धर्माला हात लागू नये, हे तिचं धोरण. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचे हुकूम सुटले होते. १८१३ च्या सनदेनं मिशनऱ्यांना परवान्यावर येता येऊ लागलं आणि मग हॉल मुंबईत टिकला. एतद्देशीय ख्रिस्त्याची अवस्था तर याहून चमत्कारिक होती. मद्रास इलाख्यात १८१६ च्या नियमानं मुन्सफाची जागा हिंदू किंवा मुसलमान माणसालाच मिळायची. ख्रिस्ती सरकारच्या राज्यात देशी ख्रिस्ती मुन्सफ होऊ शकत नव्हता. खुद्द इंग्लंडात कॅथलिक माणसाला पार्लमेंटात बसायला १८२९ उजाडावं लागलं, हे लक्षात घेतलं म्हणजे हा कारभार तितकासा परका वाटत नाही. १८३३ च्या सनदेनं धर्म, जन्म किंवा वर्ण यावरून कोणाला नोकरी नाकारायची नाही, असं कागदावर तरी आलं.

नोकरीपेक्षा मोठा प्रश्न घरातला होता. आपल्या धर्मशास्त्रात पतिताला वारसा नाही. जातीबाहेर गेलेल्याचा घटस्फोट करत, त्याच्या नावानं घट फोडून तो मेला असं धरत, आणि मेलेल्याला वाटा कसला? जमीन, वाडा, वतन, दागिने, सगळं भावांकडं राहायचं. मुलगा बाटला, की बाप एका दिवसात त्याला कागदावरून पुसू शकायचा. कंपनीच्या अदालती वारशाच्या दाव्यात हिंदूला हिंदू धर्मशास्त्र आणि मुसलमानाला शरियत लावत, त्यामुळे हा नियम कोर्टाच्या हातानंही अमलात यायचा. १८३२ च्या बंगालच्या एका रेग्युलेशननं यात पहिली फट पाडली: दाव्यातला एक पक्ष एका धर्माचा आणि दुसरा दुसऱ्या धर्माचा असेल, तर धर्मशास्त्राच्या आधारे कोणाची मालमत्ता बुडवायची नाही. पण तो नियम बंगालपुरता होता.

आपल्याकडे हा झगडा आधी माणसांच्या ताब्यावरून पेटला. १८३९ मध्ये मुंबईत धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे ख्रिस्ती झाले. पारशी समाज सुप्रीम कोर्टात गेला, हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला, आणि तरुणांना हवं तिकडं जाण्याची मोकळीक मिळाली. शहर हादरलं. मिशनच्या शाळांमधून मुलं काढली गेली.

चार वर्षांनी त्याच मिशनमध्ये नारायण शेषाद्री परळीकर हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहायला गेला. त्याचा बाप्तिस्मा अजून झालेला नव्हता. बाप कोर्टात गेला. श्रीपत अल्पवयीन, म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या स्वाधीन केलं. कायद्याचं काम इथं संपलं, पण मुलाचं संपलं नाही. तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, त्यामुळे जातीनं त्याला बाहेरचा ठरवलं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं अशी बाजू घेतली. सनातनी मंडळी त्याविरुद्ध उठली आणि बाळशास्त्र्यांनाच दूषणं खावी लागली. हे प्रकरण मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात प्रायश्चित्ताच्या वादामुळं प्रसिद्ध आहे. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती न झालेला मुलगासुद्धा धर्मांतराच्या वाऱ्यानं जातीबाहेर गेला, आणि कोर्टाचा हुकूम त्याला बापाच्या दारापर्यंत नेऊ शकला, पंगतीपर्यंत नाही.

या सगळ्यातून १८४५ मध्ये एक मसुदा पुढं आला आणि पाच वर्षांच्या भवति न भवतीनंतर ११ एप्रिल १८५० रोजी लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत १८५० चा एकविसावा कायदा झाला. तो छोटा होता, एका कलमाचा. धर्म सोडल्यामुळं, धर्मातून काढल्यामुळं किंवा जात गेल्यामुळं कोणाचा हक्क, मालमत्ता किंवा वारसा बुडत असेल, तर तसा कायदा किंवा रूढी कोर्ट यापुढं मानणार नाही. ख्रिस्ती हा शब्द त्यात नव्हता. मुसलमान झालेला, बहिष्कृत झालेला, श्रीपतसारखा नुसता वाळीत पडलेला, सगळे त्याच्या छायेत येत होते. तरीही तो कायदा मिशनऱ्यांसाठी झाला, असं त्या काळच्या बहुतेक हिंदूंना वाटलं, आणि ती समजूत अगदीच निराधार नव्हती. मिशनऱ्यांनी त्यासाठी अर्ज केलेच होते.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं आज आपण उडवून लावतो, ते मला बरोबर वाटत नाही. कलकत्ता आणि मद्रासच्या हिंदूंनी अर्ज केले, त्यातला मुद्दा असा: आमच्यात वारसा म्हणजे नुसती मालमत्ता नव्हे. जो पिंड देतो, श्राद्ध करतो, तो वारस. ज्यानं पिंड द्यायचं नाकारलं, त्यानं वाटा घ्यावा, आणि पितरांचं काम मात्र कोणी करायचं? मिताक्षरा चालणाऱ्या आपल्या भागात तर मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित इस्टेटीत हक्क मिळतो, म्हणून ख्रिस्ती झालेला मुलगा उद्या वाटणी मागून वाडा अर्धा करू शकतो, ही धास्ती खरी होती. कायद्यानं या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. त्यानं एवढंच म्हटलं की कोर्ट आता या शिक्षेचं हत्यार होणार नाही. माझ्या मते ते योग्यच झालं. माणसाच्या मनातल्या श्रद्धेपायी त्याची भाकर काढून घेण्याचं काम सरकारी न्यायाधीशाचं नव्हे. पण पिंडाचा प्रश्न विचारणारे लोक लबाड नव्हते, हेही मान्य करायला हवं. सात वर्षांनी उठाव झाला, तेव्हा त्याची कारणं लिहिताना सर सय्यद अहमद खान यांनीही या कायद्याचा समावेश केला. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानं कोणाच्याही धर्मात हात घालायचा नाही असं वचन दिलं, पण १८५० चा कायदा तसाच ठेवला.

त्याची हद्द मात्र त्याच्या पहिल्याच वाक्यात होती: ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखालचा मुलूख. परभणी, पूर्णा, जालना, औरंगाबाद त्या मुलखात नव्हते.

आणि नेमक्या याच भागात नारायण शेषाद्री आले. मुंबईत ज्यांच्या धर्मांतरानं धाकट्या भावाचा खटला उभा राहिला, ते नारायणराव १८५४ मध्ये पाद्री झाले आणि पुढं फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीनं जालन्याला कामाला लागले. जालन्यात त्या वेळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. औरंगाबादला, पूर्णेपासून जवळच्या हिंगोलीला, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईलाही अशा छावण्या होत्या. मुलूख निजामाचा, पण छावणीच्या हद्दीत इंग्रज अधिकारी आणि त्यांचा कायदा. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम रत्तनजी नवरोजी यांनी चालवलं; तेही पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले. मराठवाड्यातल्या मिशनची पायाभरणी करणारे हे दोघंही स्वतः धर्मांतरित होते, आणि दोघांचं काम छावणीच्या आसऱ्यानं उभं राहिलं.

नारायणरावांचे नवे अनुयायी बहुतेक मांग आणि महार. त्यांना वाड्यात वाटा नव्हता, त्यामुळे १८५० च्या कायद्यानं वाचवण्यासारखी इस्टेटही नव्हती. त्यांचं जाण्यासारखं होतं ते दुसरंच: गावकीचं बलुतं, येसकरकी, वेशीजवळची झोपडी, विहिरीवर पाणी मिळण्याची रीत. ख्रिस्ती झाला म्हणून पाटलानं बलुतं बंद केलं, तर ते कोणत्या कलमात बसवायचं? नारायणरावांनी यावर काढलेला मार्ग कायद्याचा नव्हता, जमिनीचा होता. दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळवून त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. विहीर आपली, शेत आपलं, घर आपलं. मुसलमान दिवाण, ब्राह्मण घरातला ख्रिस्ती पाद्री आणि मांग-महार कुळं, असे हे तिघं मिळून एक गाव उभं करतात, ही मराठवाड्याच्या इतिहासातली फार सुंदर घटना आहे, आणि तिच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

तरी या दोन सहिष्णुतांमधला फरक डोळ्यांआड करता येत नाही. ब्रिटिश मुलखातली सहिष्णुता कलमात होती. कोणी नाकारली तर कोर्टात भांडता यायचं. निजामाच्या मुलखातली सहिष्णुता दिवाणाच्या मर्जीत होती. सालारजंग उदार होते म्हणून जमीन मिळाली. संस्थानात धर्माच्या बाबी पाहायला उमूर-ए-मजहबी हे खातं होतं, आणि नवं प्रार्थनास्थळ बांधायचं तर सरकारी परवानगी लागायची. पुढं १९३८-३९ मध्ये आर्य समाजानं हैदराबादेत जो सत्याग्रह केला, त्याच्या मुळाशी धर्माचरणावरची हीच बंधनं होती. ख्रिस्त्यांना काही वेळा सवलत मिळे, काही वेळा नसे. सवलत आणि हक्क यांत हेच अंतर असतं.

ब्रिटिश मुलखात मात्र एकामागून एक कायदे होत गेले. बल्लारीच्या अब्राहम घराण्याचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८६३ मध्ये ठरलं की ख्रिस्ती झालेल्या हिंदूवर हिंदू कायद्याची सक्ती उरत नाही; तो जुना कायदा सोडू शकतो किंवा धरूनही राहू शकतो. दोनच वर्षांत, १८६५ च्या वारसा कायद्यानं ख्रिस्त्यांसाठी वेगळी वाट आखून दिली. मग १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा आला. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या कारणानं बायकोनं सलग सहा महिने त्याला सोडलं, तर त्यानं कोर्टात सहवासाचा दावा लावायचा. न्यायाधीशानं बायकोला विचारायचं. ती नाही म्हणाली, तर वर्षभर थांबायचं, पुन्हा विचारायचं, आणि तरीही नकार आला तर लग्न मोडायचं. बायको ख्रिस्ती झाली असेल तर तिलाही हाच मार्ग. एकीकडं हा धर्मांतरिताला दिलासा होता. दुसरीकडं ज्या बाईनं धर्म बदलला नाही, तिला कोर्टात उभं करून मन बोलून दाखवायला लावणारी ती रीत होती.

या कायद्याचं नाव निघालं की मला नारायण वामन टिळक आठवतात. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. कायद्याप्रमाणं टिळकांना दावा लावता आला असता, वर्ष-दोन वर्षांत मोकळं होता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. पत्रं गेली, मुलाच्या काळजीनं मनं जवळ आली, आणि पुढं लक्ष्मीबाई स्वतः नवऱ्याकडं आल्या. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना हे सगळं ठाऊकच आहे. कायदा हाताशी असूनही तो न वापरण्याचा हा निर्णय मला त्या काळच्या सगळ्या कायद्यांपेक्षा मोठा वाटतो. आणि टिळक नगर जिल्ह्यात राहत होते, म्हणजे ब्रिटिश मुलखात. त्यांना तो कायदा न वापरण्याचं स्वातंत्र्य होतं. गोदावरीच्या अलीकडच्या ख्रिस्ती नवऱ्याला तो निवडीचा प्रश्नच नव्हता.

निजामाच्या मुलखात ब्रिटिश कायद्याची टोकं कुठपर्यंत येत होती, यावरही वाद झाला. रेल्वेच्या जमिनीवरचा न्यायाधिकार निजामानं इंग्रजांना दिला होता. त्या बळावर शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवरून निजामाच्या एका प्रजाजनाला शंकरपल्ली स्टेशनवर पकडण्यात आलं. प्रकरण लंडनला गेलं आणि १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की हा अधिकार रेल्वेच्या कामापुरता आहे. निजामाची प्रजा स्टेशनवर उभी राहिली म्हणून ती ब्रिटिश कायद्याखाली येत नाही. या निकालात धर्माचा संबंध नाही. पण पूर्णेच्या खलाशासाठी तो निर्णायक होता. रेल्वे वसाहतीत राहून, रेल्वेचा पगार घेऊन, रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहूनही तो ज्या हद्दीत होता ती निजामाची. पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात १८५३ पासून इंग्रजांचा कारभार होता आणि तिकडं ब्रिटिश कायदे हुकमानं लावले जात. हिंगोलीहून वाशीमला गेलेल्या माणसाचे हक्क नदी ओलांडताच बदलत.

या सगळ्या कायद्यांमधली एक उणीव अशी की ते पहिल्या पिढीलाच पाहत होते. १८५० च्या कायद्यानं धर्म बदलणाऱ्याला सांभाळलं. त्याच्या पोटच्या मुलांचं काय? १९३० मध्ये मितरसेन सिंह यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला की हा कायदा ज्यानं स्वतः धर्म सोडला किंवा ज्याची जात गेली त्याच्यापुरता आहे. त्याच्या वंशजांना हिंदू नातेवाइकांच्या वारशात शिरण्यासाठी तो वापरता येणार नाही. तो वाद मुसलमान झालेल्याच्या वंशाचा होता, पण नियम ख्रिस्त्यांनाही तोच. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २६ व्या कलमात हाच विचार आला: धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं, वारसा खुला होताना हिंदू नसतील, तर हिंदू नातलगांच्या मालमत्तेत त्यांना हक्क नाही. बापाला चुलत्याच्या जमिनीत वाटा मिळेल, मुलाला मिळणार नाही. आज वाटणीचा प्रसंग आला की पूर्णा, परभणीतल्या ख्रिस्ती घरालाही हेच कलम लागू पडतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या २५ व्या कलमानं धर्मस्वातंत्र्य पूर्णेच्या माणसालाही मिळालं, आणि १९५१ च्या एका कायद्यानं कित्येक केंद्रीय कायदे हैदराबादसारख्या जुन्या संस्थानांत आणले. ख्रिस्ती विवाह कायद्याचं क्षेत्र आता काही जुन्या संस्थानांचे प्रदेश वगळून सगळा भारत. खलाशाच्या नातवाचं लग्न अखेर त्याच कायद्याखाली आलं.

पण घटना लागू झाली त्याच वर्षी, १० ऑगस्ट १९५० ला, अनुसूचित जातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की हिंदूंखेरीज दुसऱ्या धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ मध्ये शीख आले. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत थांबावं लागलं. पूर्णा हे बौद्ध चळवळीचं गाव. बुद्धविहार आणि धम्म परिषदा यांसाठी ते ओळखलं जातं. १९५६ नंतर धम्म स्वीकारलेल्या घरांना महाराष्ट्र सरकारनं १९६० पासून राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीबाहेर ती ३४ वर्षं राहिली. ख्रिस्ती झालेले मांग आणि महार आजही त्या यादीबाहेर आहेत. १८५० च्या कायद्याचं तत्त्व हेच होतं की धर्म बदलल्यानं काही गमवावं लागू नये. शंभर वर्षांनी आपल्याच सरकारच्या आदेशानं नेमकं तेच घडलं. राखीव जागा हा वारशासारखा हक्क नव्हे, असं म्हणणारे लोक आहेत, आणि तो युक्तिवाद कायद्याच्या भाषेत टिकतोही. पण ज्या बापाच्या जातीमुळं मुलाला वेशीबाहेर ठेवलं, ती जात बाप्तिस्म्यानं गेली असं गावातला कोणी मानतो का?

मद्रासमध्ये रस्त्यावर जोडे शिवणाऱ्या एका ख्रिस्ती चर्मकाराला सरकारी योजनेतली टपरी नाकारली, कारण तो ख्रिस्ती. सुसाई विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की धर्म बदलल्यावरही जातीची अवहेलना तितक्याच तीव्रतेनं सोसावी लागते, याचा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही. टपरीसाठी झगडणाऱ्या चर्मकारानं तो पुरावा कुठून गोळा करायचा, हे मला कळत नाही. असा अभ्यास सरकारनं स्वतः करायचा असतो. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला.